पाठवते हं, नक्की!

टक. टक. टक. मग दोन सेकंद शांतता. पुन्हा टक. टक. टक.

हा आवाज माझ्या लॅपटॉपमधून येत होता. वेळ रात्री साडेनऊची, महिना नोव्हेंबर २०२३, आणि मी सिरोंच्याच्या एका लॉजमधल्या पलंगावर बसलेली. स्क्रीन काळी. त्यावर पांढऱ्या अक्षरात एकच ओळ, जिचा साध्या मराठीत अर्थ असा, की तुमची हार्ड डिस्क मला कुठे दिसतच नाहीये. आणि त्या न दिसणाऱ्या डिस्कवर माझे तीन दिवसांचे अकरा इंटरव्ह्यू!

सिरोंचा कुठे आहे हे माहीत नसेल तर लाजू नका. जायच्या आधी मीही नकाशा उघडूनच बसले होते. गडचिरोली जिल्ह्याचं पार दक्षिण टोक. जिल्ह्याचं गाव इथून दोनशेहून जास्त किलोमीटर दूर आणि नदीपलीकडचं तेलंगण मात्र हाकेच्या अंतरावर. दुकानांवरच्या पाट्या मराठीत, दुकानातल्या गप्पा तेलुगूत. गावाला खेटून प्राणहिता वाहते आणि थोडं पुढे जाऊन गोदावरीला मिळते. संगमाच्या पलीकडे कालेश्वरमचं देऊळ, जिथे एकाच पीठावर दोन शिवलिंगं आहेत.

मी गेले होते मेडीगड्डा धरणासाठी. गोदावरीवरच्या या बॅरेजचं एक टोक तेलंगणात आणि दुसरं सिरोंचा तालुक्यातल्या पोचमपल्लीला. जून २०१९मध्ये तीन राज्यांच्या बड्या मंडळींच्या साक्षीने थाटात उद्घाटन झालं आणि २१ ऑक्टोबर २०२३ला त्याचे काही खांब चक्क खचले. देशभरचे कॅमेरे तेलंगणाच्या बाजूला उभे होते. म्हटलं, आपण अलीकडच्या बाजूला जाऊ. ज्यांच्या शेतात पाणी शिरलं, जुलै २०२२च्या पुरात ज्यांना घरं सोडावी लागली, त्यांच्याशी बोलू. फ्रीलान्सरला असा वेगळा अँगल लागतोच. नाहीतर आमचं मेल उघडतंय कोण?

तर अकरा इंटरव्ह्यू. त्यातले दहा धरणाबद्दल आणि अकरावा एका नावाड्याचा.

सत्तरी ओलांडलेला बारीक चणीचा माणूस. घरात सगळे त्याला ताता म्हणत. तेलुगूत ताता म्हणजे आजोबा. गोदावरी-प्राणहितेवर पूल झाले नव्हते तेव्हा पलीकडे जायचं तर नावेनेच. तातांनी जवळजवळ चाळीस वर्षं माणसं, बकऱ्या, मिरचीची पोती, वऱ्हाडं, सगळं या काठावरून त्या काठावर नेलं. २०१०च्या प्राणहिता पुष्करात यात्रेकरूंची इतकी गर्दी, की जेवायला बसायचीही सवड नव्हती म्हणे. मग पूल आले आणि ताता अंगणात बसले. "पूल चांगला आहे अम्मा," मला म्हणाले. "बाळंतीण वेळेवर पोचते. पण पुलाला कोणी 'थांब रे' म्हणून हाक मारत नाही."

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं होतं, म्हणून आज तुम्हाला सांगू शकते. बाकी सगळं रेकॉर्डरवर.

निघताना तातांचा नातू म्हणाला, "मॅडम, हे रेकॉर्डिंग आम्हालाही पाठवाल?"

मी म्हटलं, "पाठवते हं, नक्की!"

हे आम्ही पत्रकार लोक दिवसातून दहा वेळा म्हणतो. लेख पाठवते, फोटो पाठवते, लिंक पाठवते. खोटं बोलायचं नसतं. त्या क्षणी मनापासूनच म्हणतो. पण गाडी सुटली की पुढचं काम, पुढची डेडलाइन, आणि पाठवायचं राहून जातं ते जातंच.

आता माझा मूर्खपणा सांगते, कारण तो तुम्हीही करत असाल.

रेकॉर्डर आणि कॅमेऱ्यासाठी माझ्याकडे मिळून दोनच मेमरी कार्डं. त्यामुळे रोज रात्री सगळं लॅपटॉपवर घ्यायचं आणि कार्ड फॉरमॅट करून दुसऱ्या दिवसासाठी कोरं करायचं. म्हणजे प्रत्येक फाइलची प्रत किती? एक. ती कुठे? नऊ वर्षं जुन्या लॅपटॉपच्या, आत चकती गरगर फिरणाऱ्या हार्ड डिस्कवर. क्लाऊड वगैरे होतं की! पण लॉजवर नेट म्हणजे खिडकीबाहेर हात काढला तर एक दांडी. म्हटलं, पुण्याला गेल्यावर टाकू.

तिसऱ्या दिवशी इंद्रावती जिथे गोदावरीला मिळते त्या सोमनूरच्या संगमावरून जीपने परत येत होते. लॅपटॉपवर काहीतरी टिपत होते, रस्ता खराब झाला तसं झाकण मिटून सॅकमध्ये टाकला. बंद नाही केला, फक्त झाकण मिटलं. आत त्याचं काहीतरी अपडेट चालू असावं. एका खड्ड्यात जीप अशी आपटली, की सॅक सीटवरून थेट खाली. वरून कुणाचं तरी तांदळाचं पोतं.

आणि रात्री टक टक टक.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॉजवाल्याने एका मोबाइल रिपेअरच्या दुकानाकडे बोट दाखवलं. दुकान म्हणजे एक टपरीच. आत वीस-बावीस वर्षांचा मुलगा, समोर उघडलेले फोन, भिंतीवर तेलुगू हिरोचं पोस्टर. त्याने लॅपटॉप कानाला लावला, डॉक्टर छातीला स्टेथोस्कोप लावतो तसा. दोनदा टक ऐकलं आणि लगेच बटण दाबून बंद केला.

"याला आता चालू करू नका, अक्का."

"दुरुस्त होईल?"

"माझ्याकडे नाही. हे उघडायला साफ खोली लागते. धूळ चालत नाही. पुण्याला करतात. पण तोवर एकदाही चालू करू नका. जितक्यांदा चालू कराल तितकं आत घासेल."

पैसे किती विचारले तर म्हणाला, "कशाचे? मी तर फक्त बंद केला."

इतका योग्य सल्ला मला नंतर कुणीही दिला नाही. आणि तो मी पुण्याला पोचेपर्यंतसुद्धा पाळला नाही. बल्लारशा स्टेशनवर एकदा चालू करून पाहिला. ट्रेनमध्ये दोनदा. घरी आल्यावर तर विचारूच नका. रूममेटच्या बॉयफ्रेंडने सांगितलं, जरा थोपटून बघ. थोपटला. व्हिडिओत एक गृहस्थ सांगत होते, की डिस्क प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा, सकाळी चालते. ठेवली. मटारांच्या शेजारी. सकाळी तिच्यावर दव धरलं होतं आणि टक टकची जागा एका बारीक खरखरीने घेतली होती.

एका ठिकाणी विचारलं तर डेटा रिकव्हरीचा अंदाज अठ्ठावीस हजार सांगितला. माझ्या त्या लेखाचं मानधन किती होतं ते सांगत नाही, तुम्हाला वाईट वाटेल. वहीतल्या नोंदींवरून मी लेख लिहिला. तातांचं पुलाचं वाक्य वापरलं. लेख छापून आला, लोकांना आवडला, पैसेही आले. नवा लॅपटॉप ईएमआयवर घेतला. जुनी डिस्क एका मोज्यात गुंडाळून ड्रॉवरमध्ये टाकली. संपलं.

मध्ये वर्ष गेलं.

जानेवारी २०२५. ऑफिसवाले मित्र-मैत्रिणी, बिर्याणी, शनिवारची दुपार. अनोळखी नंबरवरून फोन. "मॅडम, मी सिरोंच्याहून बोलतो. ताता गेले. दिवाळीनंतर."

मी म्हणायचं ते म्हटलं. तो थांबला. मग म्हणाला, "आमच्याकडे त्यांचा फोटो आहे. आधारचा आणि एका लग्नातला. आवाज कुणाकडेच नाही. ताता फोनवर बोलायचे नाहीत, रेकॉर्डिंग कोण करणार? तुम्ही केलं होतं ना? तुम्ही म्हणाला होतात पाठवते."

तक्रारीचा सूर अजिबात नव्हता. तेच जास्त लागलं. मी म्हटलं, "हो हो, शोधून पाठवते." म्हणजे पुन्हा तेच! फोन ठेवला आणि बिर्याणी काही गेली नाही.

सोमवारी मोजा घेऊन मी डेटा रिकव्हरीच्या लॅबमध्ये.

लॅबवाल्या दादांनी आधी डिस्क चालू केलीच नाही. आधी मला प्रश्न विचारले, पोलिसांसारखे. पडली तेव्हा चालू होती का? नंतर किती वेळा चालू केली? उघडली का? फ्रीझर? फ्रीझरवर मी गप्प बसले. ते हसले. "सगळेच करतात," म्हणाले.

मग त्यांनी एक जुनी मेलेली डिस्क उघडून दाखवली. आत आरशासारखी चकचकीत चकती आणि तिच्यावर ग्रामोफोनच्या काट्यासारखा एक बारीक हात. त्याच्या टोकाला हेड, म्हणजे वाचणारा-लिहिणारा भाग. लॅपटॉपची चकती मिनिटाला साधारण ५,४०० वेळा फिरते, सेकंदाला नव्वद. ग्रामोफोनचा काटा तबकडीला टेकतो, हे हेड मात्र टेकत नाही. फिरण्याने जी हवा तयार होते तिच्यावर ते तरंगतं, चकतीपासून काही नॅनोमीटरवर. आपल्या केसाची जाडी साधारण ऐंशी हजार नॅनोमीटर. म्हणजे साधा धुळीचा कणही त्या फटीपुढे डोंगर. म्हणून ती साफ खोली, जी टपरीतल्या त्या मुलाला माहीत होती आणि मला नव्हती.

चालू डिस्कला धक्का बसला की हेड चकतीवर आपटतं. ते वाकलं की त्याला आपण कुठे आहोत हेच कळत नाही. ते चकतीवर जातं, खूण शोधतं, सापडत नाही, मागे येतं, पुन्हा जातं. तेच टक टक. आणि दर वेळी वाकलेलं हेड चकतीला खरवडू शकतं. खरवडलं ते गेलं. त्या जागी जे लिहिलेलं होतं ते जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर आणू शकत नाही.

"आणि ती मेमरी कार्डं?" दादांनी विचारलं. "डिस्क गेल्याबरोबर आणली असती तर कदाचित हजार-दोन हजारात काम झालं असतं. फॉरमॅट केलं म्हणजे पुसलं असं नसतं. बऱ्याचदा नुसती अनुक्रमणिका फाडलेली असते, पुस्तक तिथेच असतं. त्यावर नवीन काही लिहीपर्यंत."

त्यातल्या एका कार्डावर मी परत आल्याच्या आठवड्यात मैत्रिणीच्या संगीताचे व्हिडिओ घेतले होते. दुसरं पुढे एका क्लायंटच्या कॉर्पोरेट फिल्ममध्ये. फुल्ल.

"होप आहे?" मी विचारलं.

त्यांनी कोलंबियाची गोष्ट सांगितली. १ फेब्रुवारी २००३ला कोलंबिया यान पृथ्वीवर परत येताना फुटलं, ज्यात आपली कल्पना चावला होती. अवशेषांत एक हार्ड डिस्क सापडली. वितळलेली, काळी ठिक्कर, साधारण ३४० एमबीची. आज तुमच्या फोनमधला एक सिनेमाही त्यात मावणार नाही. ऑनट्रॅक नावाच्या कंपनीने तिच्यातला जवळजवळ ९९ टक्के डेटा परत मिळवला आणि त्यावरच्या प्रयोगाचा निबंध २००८मध्ये प्रसिद्ध झाला. "आकाशातून पडलेली वाचते," दादा म्हणाले, "आणि टेबलावरून पडलेली कधीकधी नाही. पडण्यापेक्षा पडल्यानंतर काय केलं ते महत्त्वाचं."

मी पैसे भरले. या वेळी अंदाज बत्तीस हजारांचा होता. कुठून आणले ते विचारू नका. गोव्याची ट्रिप रद्द केली आणि आईकडून थोडे उसने घेतले, एवढं पुरे.

पद्धत साधारण अशी. अगदी त्याच मॉडेलची दुसरी चालू डिस्क शोधायची. तिला डोनर म्हणतात, अवयवदानासारखं. तिचे हेड काढून आपल्या डिस्कला बसवायचे. मग फाइल शोधत बसायचं नाही. पूर्ण चकतीची जशीच्या तशी नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरवायची, आधी सोपे भाग, खरवडलेले भाग सगळ्यात शेवटी, कारण नवे हेडही तिथे मरू शकतात. पुढचं सगळं काम त्या नकलेवर. मूळ डिस्कला पुन्हा हात नाही.

तीन आठवडे लागले. निकाल असा : अकरापैकी सहा फाइल पूर्ण. चार काहीच नाहीत. आणि अकरावी, तातांची, बावन्न मिनिटांची. तिची एकोणीस मिनिटं मिळाली, चार तुकड्यांत. फाइल एमपीथ्री होती म्हणून हे तरी जमलं. एमपीथ्री छोट्या छोट्या तुकड्यांनी बनलेली असते आणि प्रत्येक तुकडा बहुतेक स्वतंत्रपणे वाजू शकतो. मधलं हरवलं तरी पुढचं बोलतं.

"ही तेहतीस मिनिटं जीपमध्येच गेली का?" मी विचारलं. मला ते 'हो' म्हणायला हवे होते.

दादांनी स्क्रीनवर चकतीचा फोटो मोठा केला. एक बारीक गोल चरा. "एका धक्क्याने असा पूर्ण गोल होत नाही. हे फिरून फिरून झालंय."

म्हणजे बल्लारशा. ट्रेन. थोपटणं. फ्रीझर. ती तेहतीस मिनिटं खड्ड्याने नेली नव्हती, बहुतेक मीच घालवली होती.

घरी येऊन हेडफोन लावून ऐकलं आणि आणखी खट्टू झाले. माझ्या दृष्टीने 'कामाचं' असलेलं सगळं गेलेलं. पुष्कर नाही, २०२२चा पूर नाही, धरणाबद्दलचं तर एक वाक्य नाही. राहिलं होतं काय? कोंबड्या. ताता खोकतायत. ताता मला विचारतायत, तुझं लग्न झालं का. ताता बायकोला चहा आणायला सांगतायत आणि आतून ती तेलुगूत काहीतरी जोरात सुनावतेय. मग नाव कशी वळवायची हे सांगताना तोंडाने वल्ह्याचा आवाज. मग मीच मध्ये बोलतेय, "आजोबा, धरणाबद्दल सांगा ना." लेखासाठी असलं कुणी ठेवत नाही. मी तर सगळ्यात आधी कापलं असतं.

मेल केलं असतं तरी चाललं असतं. पण फेब्रुवारीत मी पेन ड्राइव्ह घेऊन स्वतः गेले. सव्वा वर्षाचं 'पाठवते' एका क्लिकवर उरकायला लाज वाटली.

मिरचीचे दिवस होते. वाटेत शेताशेतात लाल ढीग वाळत पडलेले. तातांच्या अंगणात दहा-बारा माणसं जमली. नातवाने मोबाइलला स्पीकर जोडला. पहिला तुकडा लागला, खोकल्याचा, आणि सगळे एकदम गप्प. मग तो चहाचा तुकडा आला आणि तातांची बायको, अव्वा, आपलाच ओरडा ऐकून पदर तोंडाला लावून हसायला लागली. हसता हसता रडली. नातवाने भाषांतर केलं. "ती म्हणत होती, दिवसभर चहा मागतो, स्वतःला काय नावेचा मालक समजतो काय."

तो तुकडा त्या संध्याकाळी सात वेळा वाजला. मी मोजलं. धरणाबद्दल काय गेलं, असं कुणी एकदाही विचारलं नाही. मी माफी मागितली, बाकीचं माझ्या चुकीने गेलं म्हणून. अव्वा म्हणाली, तो तसाही फार बोलायचा.

नातू मला वडधमपर्यंत सोडायला आला. तिथे जीवाश्मांचं उद्यान आहे. या प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात डायनोसॉरची हाडं सापडतात. कोट्याच्या चुनखडीतल्या माशांच्या जीवाश्मांचं वर्णन १८५०च्या दशकात लंडनमध्ये छापून येत होतं. बारापासॉरस नावाचा अजस्र डायनोसॉर याच खोऱ्यातला, त्याचा सांगाडा कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये उभा आहे. "इथलं सगळं चांगलं बाहेरच जातं," नातू सहज म्हणाला. मग माझ्याकडे बघून हसला, "तुम्ही परत आणलं, अक्का." मला हसता आलं नाही. बावन्न मिनिटं नेली होती, एकोणीस आणली.

परतताना त्या टपरीवर गेले. मुलगा तोच, पोस्टर बदललेलं. मी त्याला सगळं सांगितलं, फ्रीझरसकट. त्याने कपाळाला हात लावला. मग म्हणाला, तातांच्या नातवाने फाइल त्याला आधीच पाठवलीये. त्याने ती गावातल्या किती लोकांना पाठवली असेल याचा हिशेबच नाही. एकाने चहाचा तुकडा रिंगटोन केलाय.

जाणकार लोक बॅकअपचा एक नियम सांगतात, तीन-दोन-एक : कुठल्याही महत्त्वाच्या गोष्टीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक प्रत दुसऱ्या जागी. पाळाच. तुमच्या नव्या लॅपटॉपमध्ये बहुधा एसएसडी असेल. तिच्यात फिरणारं काही नसतं, त्यामुळे ती टक टक करून सूचनाही देत नाही. आणि तिच्यात डिलीट केलेलं बहुतेकदा थोड्याच वेळात खरोखरच पुसलं जातं. डिस्क टकटकली तर बंद करा आणि बंदच ठेवा. फ्रीझरमध्ये मटार ठेवा.

मी त्यात माझी एक भर घातलीये. हल्ली कुणाचं रेकॉर्डिंग केलं, की उठण्याआधी तिथेच त्यांच्या फोनवर फाइल टाकते. नेट नसलं तर केबलने. दोन मिनिटं जास्त लागतात. कधी त्या घरात फोन नसतो, मग शेजारच्या पोराच्या फोनवर. हे जर मी त्या नोव्हेंबरात केलं असतं, तर बत्तीस हजार वाचले असते. आणि तातांची तेहतीस मिनिटं.

'पाठवते हं, नक्की' म्हणायचं सोडलंय. आता म्हणते, "फोन द्या जरा इकडे."